व्रत संपल्यानंतर

डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर नऊ प्रश्न होते आणि माझ्या बायकोचं पेन तिसऱ्यावरच अडलं होतं. शेवटी ती तोंडीच उत्तरं देऊ लागली. झोप? "सासूबाई रात्री तीनदा हाक मारतात, झोपणार कधी?" थकवा? "पाच माणसांचं घर आहे, डॉक्टर." भूक? "चातुर्मासात मी एकदाच जेवते."

यातलं एकही उत्तर खोटं नव्हतं. म्हणूनच मला धास्ती वाटली. ताप थर्मामीटरवर दिसतो. पण मन आजारी आहे की नुसतं दमलंय, हे कसं ओळखायचं? संसाराने प्रत्येक लक्षणाला एकेक चोख कारण आधीच देऊन ठेवलेलं असतं, आणि घरातले आम्ही सगळे त्या कारणावर समाधानी असतो.

मी हळूच म्हणालो, "चातुर्मास संपून एकोणीस दिवस झाले."

"आता माझे घासही मोजता का?" ती म्हणाली, पण त्या टोमण्यात नेहमीची धार नव्हती.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. "ताई, व्रत नसताना भूक लागते?"

तिने पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाली, "आठवत नाही."

पूर्वी ती तव्यावरची पहिली पोळी तेल-मीठ लावून ओट्याशी उभ्यानेच खायची. "तुम्ही थांबा जरा, मला भूक लागलीय," असं आम्हा सगळ्यांना दटावायची. तिला पुन्हा तसं हक्काने भुकेलेलं पाहायला माझा जीव आसुसला आहे.