गट नसलेली मेंढकी

रविवारी दुपारी जेवणं उरकली की आम्ही चौघं बारामतीत एका मित्राच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून बसतो आणि एका खोट्या राज्यात जातो. प्रत्येकाचं एक पात्र. त्यानं काय करायचं ते आपण तोंडानं सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. आकडा जितका मोठा तितकं बरं. घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, एवढी शिकून शेवटी भातुकलीच खेळतेस होय. व्हय, खेळते.

खेळ चालवणारा माझ्याबरोबर एमआयडीसीत एका दूध डेअरीत आहे. मी लॅबमध्ये, तो पॅकिंगला. गडी बावड्याचा. दुसरा इंदापूरचा, ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये विक्रीला. त्याचं पात्र म्हणजे एक दांडगा योद्धा. तिसऱ्या म्हणजे एका शाळेतल्या बाई, त्या जादूगार. आणि मी मेंढकी. झाडपाला ओळखणारी, जखमा बांधणारी, सोबत चार मेंढरं.

पात्राचा कागद आमच्या खेळवाल्यानं स्वतः मराठीत बनवलाय. मूळ खेळात तिथं पात्र भलं की बुरं, कायद्याला धरून चालणारं की मनाला येईल तसं वागणारं, असं काहीतरी लिहितात. आमच्या पठ्ठ्यानं सरळ ‘गट’ असा रकाना काढला. त्या राज्यात गट दोनच, किल्लेवाले की नदीकाठवाले? बाकी दोघांनी झटकन नदीकाठ लिहिलं. मी लिहिलं, भली आहे, कुणाची नाही. तो म्हणाला, असं कुठं असतंय का?

असतं. माझ्या आजोबांची मेंढरं होती. निमगाव केतकीहून निघायचे आणि जो शेतकरी बोलावेल त्याच्या रानात रात्रभर मेंढरं बसवायचे. रानाला खत, आजोबांना धान्य. दोन शेजारी एकमेकांचं तोंड बघत नसले तरी आजोबांची मेंढरं आज याच्या रानात आणि उद्या त्याच्या रानात. हे मी त्याला तासभर समजावलं. तो वैतागून म्हणाला, राहू दे तसंच. आणि दीड वर्ष निभलं.

घोटाळा झाला तो धरणाच्या दरवाजावरून. दरवाजा किल्लेवाल्यांच्या ताब्यात, पाणी पाहिजे नदीकाठवाल्यांना. पहिल्या चकमकीनंतर किल्ल्याचा एक शिपाई रस्त्यात पडला होता. मी त्याचा पाय बांधला, त्याला घरी पोचवलं. त्याच्या आईनं भाकरी वाढली, तर माझी मेंढकी बसली आणि जेवली. एवढंच सांगितलं मी. शोरूमवाल्यानं फासा खाली ठेवला.

“तितं जेवलीस? मग फुटलीस की तू.”

दुसऱ्या कुठल्या गावात हा खेळ चालला असता तर भाकरीत विष होतं का, असं विचारलं असतं. आमच्यात भाकरी कुठल्या पॅनेलची ते विचारतात. विकास सोसायटीच्या निवडणुकीत सकाळी कुणाच्या ओट्यावर चहा घेतला हे संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला माहीत, आणि ज्याचा चहा त्याचा माणूस. तिघंही त्यातच वाढलेले. शाळेतल्या बाईंनीसुद्धा मान डोलावली, म्हणजे कमालच झाली. निकाल असा लागला, की पुढच्या रविवारी मेंढकीनं नदीकाठची शपथ घ्यायची. नाही घेतली तर ती गटाबाहेर. मग तिला कुणी वाचवायचं नाही, आणि किल्लेवाल्यांनी मारलं तर मारलं.

मला राग आला. खेळातला नाही, खरा. आठवडाभर दुधाचे नमुने तपासताना तोच विषय डोक्यात. मी दहावीत होते तेव्हाची एक दुपार आठवत होती. निवडणूक नुकतीच झालेली, वडिलांचा गट हरलेला. समोरच्या घरातली सून अडली होती. त्यांचं घर दुसऱ्या गटाचं. आमची जीप दारात होती आणि वडिलांच्या खिशात किल्ली. गाडी काढली तर लोक म्हणतील फुटला, म्हणून ते ओसरीवर बसून राहिले. शेवटी कुणाचा तरी टेम्पो आला. बाई वाचली, बाळ वाचलं, पण वडील त्यानंतर कितीतरी दिवस समोर बघायचे नाहीत. माझे वडील वाईट नाहीत हो. म्हणूनच मला त्याचा इतका त्रास होतो.

रविवारी मी सांगितलं, शपथ घेणार नाही. किल्ल्याचीही नाही आणि नदीकाठचीही नाही. बाईंनी समजावलं, अगं नुसतं तोंडानं म्हण, दीड वर्षाचं पात्र घालवतेस का? मी म्हटलं, नाही म्हणणार. मग रीतसर हात वर करून मला बाहेर काढलं. शोरूमवाल्याचा हात सगळ्यात आधी वर.

तासाभरात दरवाजावर लढाई जुंपली. शोरूमवाल्याचा योद्धा एकटाच पुढं घुसला आणि पोटात भाला खाऊन पडला. बाईंची जादू संपलेली. आणखी दोन डावांत तो जाणार होता. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. कोणत्या तोंडानं बघणार?

मी म्हटलं, लांब मेंढरांपाशी बसलेली मेंढकी उठते आणि त्याच्याकडं जाते.

खेळवाल्यानं पेन खाली ठेवलं. वर तटावर बाण रोखलेले आहेत, बाराच्या खाली पडलं तर बाण लागेल, आणि मेली तर मेली, परत नाही, असं त्यानं मला दोनदा सांगितलं. मला पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं.

आधी जखमेसाठी फासा टाकला. सतरा. रक्त थांबलं. मग बाणासाठी टाकला. सहा.

बाण लागला, मेंढकी गेली. मी तिचा कागद उचलून मांडीवर घेतला. खोट्या बाईसाठी एवढं कशाला, असं मनाशी म्हटलं, पण उपयोग झाला नाही. खेळवाल्यानं विचारलं, योद्धा उठलाय, दरवाजा मोकळा आहे, आता धावत गेला तर लढाई जिंकली, काय करतोस?

शोरूमवाल्यानं फासा लांब सरकवला.

“मी हिला हितं एकटीला टाकून जाणार न्हाय,” तो म्हणाला. “दरवाजा जाऊ दे.”

अरे जा, असं ओरडून सांगावंसं वाटलं मला. तिकडं अख्खा नदीकाठ पाण्यावाचून बसलाय, आणि माझ्या मेंढकीला हेच आवडलं असतं की तू जावंस. पण मेलेल्या पात्रानं बोलायचं नाही, असा आमचा नियम आहे. डोळे पुसत मी गप्प बसले.