मावशीने आखलेले तंबू

लीलामावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी शांती नगरच्या बाजारात कोथिंबिरीवरून घासाघीस करत होते. पुढचं काही आठवत नाही… महिना होऊन गेला आता. रडून झालंय. आता आठवलं की हसूच येतं, कारण बाई होतीच तशी.

पूर, भूकंप, लढाई कुठेही झाली की तिथले उपग्रहाचे फोटो घेऊन त्यांवर घरं, वाटा आखायच्या. मदत नेणाऱ्यांना कळतं माणसं कुठे आहेत. हे काम मी घरबसल्या लॅपटॉपवर करते. शाळेतून निवृत्त झाल्यावर मावशी मागेच लागली, "मलापण शिकव. मालिकांतल्या सासवा बघून डोकं उठतंय." आणि शिकलीसुद्धा!

एकदा लढाई चाललेल्या मुलखाचा फोटो तिच्या वाट्याला आला. मावशी खाडीकाठच्या मुर्धा गावची, मिठागराच्या बांधावर वाढलेली. रांगेने पांढरे ठिपके दिसताच बाईसाहेबांनी छातीठोकपणे सगळं मिठागर म्हणून आखलं. तपासणाऱ्यांनी परत पाठवलं. ते घरदार सोडून पळालेल्यांचे तंबू होते.

मला हसू फुटलं. तिचा चेहरा मात्र पडला. "अगो, मानसांचा मी मीठ केला गो!" हेलावली की तिची गावची बोली वर यायची. त्या दिवशी धड जेवली नाही. बसून एकेक तंबू आखला, तरी समाधान होईना. "मी डोळे फाडून बघत होते तरी दिसले न्हाय. जे बघतच न्हाय त्यांना कसे दिसतील?"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने त्याच मुलखाचा नवा, न आखलेला फोटो टीव्हीवर लावला. काका गेल्यावरही ती हळदीकुंकू करायची, कोण काय बोलतंय ते बघू म्हणून. बायकांना फर्मान सुटलं: आधी एक तंबू आखा, मग वाण. नटूनथटून आलेल्या बायका आधी खिदळल्या. शेजारच्या हंसाबेनने माउस धरला आणि विचारलं, "लीलाबेन, इसमें बच्चे भी रहते होंगे?" मग कुणी हसलं नाही, सगळ्या तंबू आखत बसल्या. तिळगूळ थाळीत तसाच राहिला… मावशी त्या दिवशी फार खूश होती.

परवा हंसाबेन माझ्या दारात उभी. टीव्हीवर कुठल्याशा पुराची बातमी बघून आली होती. "दीदी, उधर के घर किसीने देखे क्या?" मागे जिन्यात आणखी बायका.

मी मावशीच्या फ्लॅटची किल्ली घेतली. महिनाभर बंद असलेली खोली उघडली, खिडक्या उघडल्या, तिच्या टेबलाशी खुर्च्या ओढल्या. खुर्च्या कमी पडल्या.