यॉर्डिसच्या कोपरातला वास

यॉर्डिस एडब्लादला कुठल्याही वासाने आजवर ओकारी आली नव्हती, आणि याचा तिला केवढा तरी अभिमान होता. सेलविकच्या किनाऱ्यावर, बोटी ठेवायच्या लाकडी शेडच्या मागे ती जन्मली. आयुष्याची तीस वर्षं हेरिंग आंबवायच्या कारखान्यात गेली. वसंतात पकडलेला मासा खारवून पिंपात टाकायचा, तो आत बुडबुडायला लागला की डब्यात भरायचा. डबा फुगून दोन्ही बाजूंनी गोल झाला की समजायचं, जमलं. बाहेरगावचा माणूस कारखान्याच्या दारातूनच परत फिरे. यॉर्डिस आत बसून पाव खाई.

लग्न तिने एकदाच केलं, आतल्या जंगलपट्टीतल्या एका माणसाशी. त्याला तिच्या केसांचा वास सोसला नाही. दोन हिवाळे त्याने तोंडाने श्वास घेतला आणि तिसऱ्या हिवाळ्यात तो निघून गेला. ती हे हसत सांगायची. "नाक कच्चं होतं बिचाऱ्याचं," म्हणायची.

माशाचा कारखाना बंद पडला तेव्हा दक्षिणेकडच्या एका कंपनीने ती इमारत घेतली. कंपनी बनवत होती पाणी. पोलिसांच्या गाडीवरच्या नळीतून जमावावर फवारायचं, घाण वासाचं पाणी. रक्त नाही, हाड मोडणं नाही, डोळा जाणं नाही. माणसं वासानेच पळून जातील. हेनिंग ब्रास्क नावाचा तिथला प्रमुख त्याला 'सभ्य हत्यार' म्हणायचा. सडलेलं मांस, तुंबलेलं गटार, जळके केस आणि त्याखाली काहीतरी गोडसर, जे सगळ्यात वाईट. हे सगळं त्याचे रसायनवाले काचेच्या नळ्यांतून थेंबाथेंबाने जमवत.

पण वास मोजायचं यंत्र नाही. ते काम नाकाचं. म्हणून कंपनीने गावातली तीन नाकं ठेवली: यॉर्डिस, तिची जुनी सोबतीण माय-ब्रित आणि पिंपं बांधणारा इंग्वे. तिघं स्टीलच्या टेबलाशी बसत. बरणीचं झाकण उचलायचं, एकदा हुंगायचं, आणि शून्य ते दहा यांतला आकडा सांगायचा. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे असह्य. दोन बरण्यांच्या मध्ये नाक ताजं करायचं तर स्वतःचं कोपर दुमडून त्याच्या खळगीत नाक खुपसायचं आणि खोल श्वास घ्यायचा. स्वतःच्या कातडीचा वास आपल्याला येत नाही. ते आपलं शून्य. तिथे जाऊन आलं की पुढची बरणी खरी कळते.

यॉर्डिसचा आकडा सगळ्यांत पक्का असे. आज चार दिलेल्या बरणीला महिन्याने न सांगता पुढे केलं, तरी ती चारच देई.

"तुझं नाक कारखान्यात बसवायला हवं, तराजूसारखं," हेनिंग म्हणायचा.

"आधी तुझं बसव, ते नुसतं चेहऱ्यावर शोभेला आहे," ती म्हणायची.

त्या उन्हाळ्यात तिच्या माडीवरच्या खोलीत तुवा राहत होती. दक्षिणेतल्या सपाट मुलखातली पोरगी, लाकडी बोटी बांधायच्या शाळेत शिकायला आलेली. ऑगस्टमध्ये कंपनीला खऱ्या फवाऱ्याची चाचणी करायची होती आणि जमाव व्हायला माणसं हवी होती. शाळेतल्या पोरांना विचारलं. तुवाने जायच्या आधी यॉर्डिसला विचारलं, "फार वाईट असतं का गं ते?"

"आपल्या माशाहून जरासं जास्त," यॉर्डिस म्हणाली. "मी चार दिलेत."

त्या भरवशावर तुवा गेली.

मंगळवारी दुपारी यॉर्डिस घरी आली तर लाकडाच्या कोठीचं दार अर्धवट उघडं होतं. आत सरपणाच्या ढिगाला टेकून तुवा बसली होती. अंगात कंपनीने दिलेला कागदी झगा होता. केस ओले, आणि दंडाची कातडी लालबुंद सोललेली. पायाशी भांडी घासायची तारेची घासणी पडली होती.

"तू इथे का बसलीस? आत चल."

"नको. तुझ्या गादीला लागेल."

"चालत आलीस?"

"बसवाल्याने उतरवलं. चांगलं बोलला तो. म्हणाला, माफ कर, पण मागच्या बाईला उलटी होतेय." तुवाचा आवाज अगदी सपाट होता. "तिकडे शाळेच्या न्हाणीत मी चार वेळा अंग धुतलं. वर्गातल्या वास्सेने दार लावून घेतलं खोलीचं. काल तो माझ्यासोबत पोहत होता."

यॉर्डिस जवळ गेली. वास होता, नाही असं नाही. बरणीतलाच, पण अंगाच्या उबेमुळे जरा भरलेला. तिच्या नाकाने आपोआप मोजला. चार. फार तर साडेचार.

"वाईट आहे," ती म्हणाली, "पण एवढं नाही गं. आठवड्यात जाईल."

तुवाने तिच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात जो दुरावा होता तो यॉर्डिसला घरातल्या माणसाकडून कधी मिळाला नव्हता. नवऱ्याकडूनसुद्धा नाही.

काहीतरी करायला हवं म्हणून ती आपल्या कामातली युक्ती सांगू लागली. "कोपर दुमड. खळगीत नाक घाल आणि श्वास घे. नाक ताजं होतं. आम्ही तसंच करतो."

तुवाने कोपर दुमडलं, नाक घातलं, श्वास घेतला. आणि तिथेच सरपणावर ती ओकली. पोटात काही उरलं नव्हतं. नुसतं पिवळं पाणी. मग ती स्वतःच्याच हाताकडे अशी बघत राहिली, जशी एखादी घाणेरडी वस्तू कुणी तिच्या खांद्याला बांधून दिली आहे.

यॉर्डिस कोठीच्या उंबऱ्यावर उभी राहिली. तिला कळलं ते एवढंच, की या पोरीला आता शून्य उरलेलं नाही. बरणीला झाकण असतं. हिला नाही. बरणीपासून उठून घरी जाता येतं. ही कुठे जाणार?

दुसऱ्या दिवशी ती हेनिंगच्या खोलीत गेली. तो कॉफीबरोबर दालचिनीचा बन खात होता. बोटाला लागलेली साखर चाटत म्हणाला, "बस. बन घे."

"आमचा आकडा चुकीचा आहे, हेनिंग. आम्ही या वासात वाढलो. आमचा चार म्हणजे दुसऱ्याचा नऊ असेल. दक्षिणेची नाकं आण."

"आणली होती," तो म्हणाला. "इथे यायच्या आधी. आठ सांगितले, नऊ सांगितले. एक तर टेबलावरच ओकला." त्याने बनाचा दुसरा तुकडा मोडला. "ग्राहकाच्या देशात नियम आहे, यॉर्डिस. माणसांच्या नाकाने पाचाच्या वर दिलेलं जमावावर मारता येत नाही. तीन नाकांपैकी एकाने जरी वर दिलं, तरी मिश्रण बाद. म्हणून तर आम्ही सेलविकला आलो. तुला काय वाटलं, समुद्र बघायला आलो?"

 आपलं नाक पक्कं म्हणून ठेवलं असं यॉर्डिसला इतकी वर्षं वाटत होतं. ते बधिर म्हणून ठेवलं होतं.

"आणि तू खोटं थोडंच बोलतेस?" हेनिंग म्हणाला. "तुला चार वाटतं, तू चार सांगतेस. तेच शुक्रवारी सांग. त्यांचे अधिकारी येताहेत, त्यांच्यासमोर." आणि त्याने बनाचं ताट पुढे सरकवलं. लोण्याचा, वेलदोड्याचा छान वास आला. तिला त्या वासाची शिसारी आली.

बाहेर इंग्वे पाइप धूत होता. तिने त्याला सांगितलं. त्याने पाइप उलटा करून पाणी निथळू दिलं.

"पोलिसांनी मग काय करावं?" तो म्हणाला. "दगड मारणाऱ्यांवर अत्तर शिंपडावं? गोळीपेक्षा हे बरं आहे, बाई."

"मलाही तसंच वाटायचं."

"मग?"

 गोळीपेक्षा बरंच होतं ते. आणि चार हा आकडा तिच्या नाकापुरता खराच होता. खोटा आकडा तिने आयुष्यात दिला नव्हता, आणि आता द्यायचा म्हटलं तरी तो जिभेवर येईना.

गुरुवारी हेरिंगचे नवे डबे फोडायचा दिवस. दर ऑगस्टला येतो तो; कारखाना बंद पडला तरी गावकरी डबे घरीच भरत. दुपारी यॉर्डिसने कंपनीच्या कोठारातली, शुक्रवारसाठी ठेवलेली बरणी उघडली, दोन बोटं बुडवली, आणि दोन्ही कोपरांच्या खळगीत व मानेवर चोळली. हात साबणाने धुतले, अंगही धुतलं, आणि इंग्वेच्या अंगणात गेली.

अंगणात लांब टेबल मांडलं होतं. पातळ पाव, छोटे बटाटे, चिरलेला कांदा, आंबट साय, बिअर. डबे पाण्याच्या बादलीत बुडवून फोडले जात होते आणि तो ओळखीचा भपका अंगणभर पसरला होता. सगळे खुशीत. यॉर्डिस माय-ब्रितच्या शेजारी बसली.

"काय गं, डबा अंगावर फोडलास का?" माय-ब्रित म्हणाली. सगळे हसले.

"नवऱ्याची आठवण आली असेल," कुणीतरी म्हणालं. पुन्हा हसले.

मग हसू ओसरलं. समोरच्याने पाव तोंडाशी नेला आणि परत ठेवला. माय-ब्रितने खुर्ची सरकवली. ऊन डोळ्यांवर येतंय म्हणाली. ऊन तिच्या पाठीमागे होतं. सायीचं भांडं यॉर्डिसला वगळून पलीकडे गेलं. कुणी काही वाईट बोललं नाही. ही सगळी तिची माणसं होती, सडक्या माशावर कांदा घालून मिटक्या मारणारी, आणि त्यांच्यातला एकेकजण तिच्याकडे न बघता लांब होत होता.

इंग्वे वाकून हळूच म्हणाला, "यॉर्डिस, घरी जाऊन अंग धू ना. मग ये."

"धुऊनच आले."

"मग... तिकडे बस जरा. झाडाखाली. वारा इकडून तिकडे आहे."

ती ताट घेऊन झाडाखाली गेली. माशाचा वास तिला येईचना. तिने सवयीने कोपर दुमडलं, नाक खळगीत घातलं. तिथे ती नव्हती. तिथे गटार होतं, मेलेलं जनावर होतं, आणि तो गोडसर वास होता, घशात चिकटून बसणारा. तिच्या पोटातून काहीतरी वर आलं. साठ वर्षांत पहिल्यांदा. मान वळवून ती गवतात ओकली. 

थोड्या वेळाने तुवा आली. ती दोन दिवस माडीवरून उतरली नव्हती. हातात ताटली, त्यात नुसते बटाटे. ती येऊन यॉर्डिसच्या शेजारी गवतावर बसली.

"मला वास येत नाही तुझा," तुवा म्हणाली. "म्हणजे माझाच येतो."

"बरं आहे."

"मुद्दाम लावलंस?"

यॉर्डिसने त्या किनाऱ्यावर म्हणतात तसं, ओठ गोल करून श्वास झटकन आत ओढत 'हो' म्हटलं. त्या श्वासाबरोबर ते सगळं पुन्हा आत गेलं. तिचा चेहरा वाकडा झाला.

"किती देशील आता?" तुवाने विचारलं.

 तुवाने एक बटाटा सोलला, अर्धा तिला दिला.

शुक्रवारी यॉर्डिस बसने गेलीच नाही. चालत गेली. मोजणीच्या खोलीत तीन पाहुणे अधिकारी बसले होते, कडक इस्त्रीचे, गुडघ्यांवर टोप्या ठेवून. माय-ब्रित आणि इंग्वे आपापल्या जागी. यॉर्डिस आत आली तसा सगळ्यांत वयस्क अधिकारी रुमाल काढून नाकाला लावू लागला. दुसरा उठून खिडकी शोधू लागला. त्या खोलीला खिडकी नव्हती. वयस्क अधिकारी दुभाष्याला काहीतरी म्हणाला.

दुभाष्या अवघडून हेनिंगला म्हणाला, "ते विचारताहेत, या बाईंना बाहेर पाठवता येईल का. ते म्हणतात, अशा माणसासोबत एका खोलीत बसणं शक्य नाही."

हेनिंगने यॉर्डिसकडे पाहिलं. त्याला कळलं. त्याचा चेहरा पिठासारखा झाला. बाई आजारी आहे असं म्हणावं, तर मोजणीला दोनच नाकं उरतात. खरं सांगावं, तर ते सांगायचं कसं?

"त्यांना सांग," यॉर्डिस दुभाष्याला म्हणाली, "मी आजारी नाही. हे तुम्ही विकत घ्यायला आलात तेच आहे. दोन बोटं लावलंय. कालपासून."

दुभाष्याने सांगितलं की नाही कोण जाणे. अधिकाऱ्याने रुमाल काही काढला नाही.

"बरणी उघडा," हेनिंग घाईघाईने म्हणाला.

माय-ब्रितने झाकण उचललं, हुंगलं, कोपरात नाक घातलं. "चार," ती म्हणाली. यॉर्डिसकडे तिने पाहिलं नाही.

इंग्वेने हुंगलं. बराच वेळ तो झाकण हातात धरून बसला. "पाच," म्हणाला. पाचापर्यंत चालतं.

बरणी यॉर्डिसपुढे आली. तिने ती हाताने बाजूला सारली.

"दहा."

"तू हुंगलीच नाहीस," हेनिंग दातांवर दात ठेवून म्हणाला. "हे धरता येणार नाही. नीट विचार कर. तुझं नाक काय सांगतं ते सांग. खोटं बोलायची सवय नाही ना तुला?"

"नाही," ती म्हणाली. "म्हणूनच."

"शेवटचं विचारतो. दहा?"

यॉर्डिसने ओठ गोल केले आणि तो 'हो'चा श्वास आत ओढला. हळूहळू, पूर्ण, तळापर्यंत. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्या दिवशी व्यवहार झाला नाही. मिश्रण बाद ठरलं, नियमाप्रमाणे. यॉर्डिसला परत बोलावणं आलं नाही, माय-ब्रित तिच्याशी महिनाभर बोलली नाही, आणि पुढच्या वर्षी कंपनी सामान बांधून निघून गेली. कुठेतरी कातडी कमावणाऱ्यांच्या गावात तिने नवी नाकं ठेवली म्हणतात. असेल. बधिर नाकं जगात पुष्कळ आहेत.

त्या शुक्रवारी यॉर्डिस मोजणीच्या खोलीतून बाहेर पडली तेव्हा बस थांब्यावर उभी होती. चालकाने दार उघडलं, तिला पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ते आलं, जे तुवाच्या वेळी आलं असणार. तिने त्याला हाताने पुढे जायला सांगितलं आणि किनाऱ्याच्या रस्त्याला लागली, हात अंगापासून जरा लांब धरून.