अवकाश आहे

बावीस वर्षं जयलक्ष्मीबाई शहराच्या बाल-युवा सल्लागार समितीचं इतिवृत्त लिहीत होत्या, आणि बावीस वर्षांत त्या खोलीत एकही मूल आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. सगळ्यात लहान सदस्य म्हणजे चोपन्न वर्षांचे वेंकोजीराव. मुलांच्या मैदानाबद्दल बोलायची तीच मंडळी, आणि बिस्किटं संपवायचीही तीच.

जयलक्ष्मीबाईंचे पूर्वज कधीकाळी म्हैसूरच्या घोडदळात आले आणि इथलेच झाले. घरची मराठी टिकली होती, पण निम्मी कन्नडाच्या आधारानं.

यंदा समितीवर शहरातल्या बोगादी भागातून मृदुला आल्या, मूळच्या नाशिकच्या. त्यांनी सुचवलं, नियम बदलू, चार जागा शाळकरी मुलांना देऊ. जयलक्ष्मीबाईंना ते इतकं पटलं की ठरावाचा मसुदा त्यांनी तीनदा उतरून काढला. निवृत्तीला दोन महिने होते. जाण्याआधी एकदा तरी इतिवृत्तात एखाद्या मुलाचं नाव लिहायचं होतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी मृदुलाचा फोन आला. "जयलक्ष्मीबाई, उद्या मुलं येऊन बोलू शकतील ना?"

"अय्यो, आहे की मा! मुलांना अवकाश आहे!"

"बरं," एवढंच म्हणून मृदुलानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुलांसाठी मांडलेल्या चार खुर्च्या रिकाम्याच. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. "संधी दिली तरी येत नाहीत बघा. हा विषय काढून टाकू."

"संधी कुठली?" मृदुला उसळल्या. "काल बाईच म्हणाल्या, अवकाश आहे! म्हणून मी मुलांना शाळेत पाठवलं."

"तेच तर म्हटलं मी! अवकाश आहे!" म्हणता म्हणता जयलक्ष्मीबाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. कन्नडात अवकाश म्हणजे संधी. मृदुलाच्या मराठीत मात्र, अजून वेळ आहे, थांबा.

वेंकोजीराव खो खो हसले. "दोघी मराठीत बोललात, तिथंच घोटाळा झाला!"

जयलक्ष्मीबाई उठून उभ्या राहिल्या. खोलीतलं कपाट बोलू लागावं तसे सगळे त्यांच्याकडे बघत राहिले.

"सर, चूक माझ्या तोंडची आहे. पोरांच्या माथी नको. एक तास द्या."

अध्यक्षांनी हातातला कागद खाली ठेवला. "बरं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत."

मृदुलानं शाळेत फोन लावला. पाऊण तासानं चार मुलं गणवेशातच रिक्षातून उतरली आणि धापा टाकत आत आली. नववीतल्या काव्याला अध्यक्षांनी विचारलं, "बोल, आधी काय बदलायचं?"

"सर, बैठक अकरा वाजता का असते? तेव्हा आम्ही शाळेत असतो."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. बराच वेळ पुसला.

"मग किती वाजता?"

"साडेचार."

आधी वेळ बदलली, मग जागांचा ठराव झाला. चार नव्हे, सध्या दोन, एका वर्षासाठी. मृदुलाचा चेहरा थोडा उतरला. जयलक्ष्मीबाई मात्र मान खाली घालून लिहीत होत्या.

काव्या त्यांच्या खांद्यावरून वाकली. "आंटी, माझं नाव सगळ्यांपेक्षा मोठं झालंय."

"झालं असेल," जयलक्ष्मीबाई म्हणाल्या. "बाजूला हो बघू, सावली पडते."