दोन धुरपदाबाई

१२ डिसेंबर २०२४, गुरुवार. सकाळी चांगलीच थंडी. दुपारी वालूरच्या वसतिगृहात गेले, मंजुषाने बोलावलं होतं.

मंजुषा तिथे कॉम्प्युटर शिकवते. तिचे आईवडील ऊसतोडीला जायचे तेव्हा ती इथेच राहायची. आता तशाच मुलांना सांभाळते. आईबाप साखर कारखान्यावरून मोबाइलवर व्हिडिओ पाठवतात. एका पडद्यापुढे रेटारेटी व्हायची, लहानांना काही दिसायचं नाही. म्हणून तिने लोकांनी दिलेले जुने कॉम्प्युटर जोडले. काही विंडोजचे, काही लिनक्सचे. एकाला दुसऱ्याचं फोल्डर दिसायचं नाही. खटपट करून तिने असं सॉफ्टवेअर बसवलं, की व्हिडिओ एकावर ठेवले तरी कुठूनही उघडावेत.

भांड्यावर नाव घालतात तसं प्रत्येक कॉम्प्युटरला तिने देणाऱ्याच्या घरातल्या गेलेल्या माणसाचं नाव दिलं. नेटवर्कमध्येही तेच. व्हिडिओ होते ते गावातल्या आप्पारावांनी आईच्या नावाने दिलेल्या कॉम्प्युटरवर, म्हणजे धुरपदाबाईवर. आमचे हे गेल्यापासून पडून असलेला त्यांचा कॉम्प्युटर मी परवा सासूबाईंच्या नावाने दिला. त्याही धुरपदाबाईच.

एका नावाचे दोन झाले आणि तेव्हापासून कधी व्हिडिओ सापडत, कधी माझ्या कॉम्प्युटरचं रिकामं फोल्डर उघडे. आज ते भक्तीपुढे उघडलं. पोर दुसरीतली. "माझ्या आईनं काईच न्हाई धाडलं," म्हणाली आणि जेवायला उठलीच नाही.

"काकू, एक नाव बदलावं लागतंय," मंजुषा म्हणाली. "आप्पारावकाका ऐकायलेच न्हाईत."

आप्पाराव बाकावर बसलेच होते. "माझ्या मायचं नाव कसं काढू? तुमच्या सासूचं काढा की! तुमी कॉन्व्हेंटातल्या, तुमाला काय त्याचं!"

"काढायचं कशाला?" मी म्हटलं. "सासूबाईंचं माहेर पिंगळी. गावात त्यांना नावाने हाक कोण मारत होतं? पिंगळीवालीच म्हणायचे."

आप्पारावांना हसू फुटलं. "लय कडक बाई! चिंचा पाडल्या म्हणून कान पिळला होता माझा. घाला, पिंगळीवाली घाला!"

मंजुषाने नाव बदललं, सगळे कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केले. मग भक्तीला खुर्चीवर बसवलं. फोल्डर उघडलं, व्हिडिओ लावला. उसाच्या पाचटाच्या खोपीसमोर तिची आई उभी होती, डोक्याला फडकं बांधलेलं. "भक्ते, जेवलीस का गं?"

"न्हाई अजून," भक्ती पडद्याला म्हणाली.

मंजुषाने ताट तिथेच आणून दिलं. एरवी त्या खोलीत ती पाण्याची बाटलीसुद्धा नेऊ देत नाही. भक्ती एकेक घास खात तोच व्हिडिओ पुन्हापुन्हा लावत राहिली, आणि मंजुषा तिची सुटलेली वेणी घालत बसली.

संध्याकाळी घरी आले. मुगाची खिचडी टाकली आणि गॅस संपला. नवा सिलिंडर लावला.