दोन्ही पाय एकदम

बालवाडीतली पोरं त्यांना उडीसर म्हणायची. मग शिक्षिकाही तसंच म्हणू लागल्या आणि खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं उरलं. पळणं, चेंडू झेलणं, एका पायावर उभं राहणं पोरं त्यांच्याकडे शिकत आणि वर्षा-दोन वर्षांत मोठ्या शाळेत निघून जात. बायको जाऊन बराच काळ लोटला होता, मूलबाळ नव्हतं. सुट्टी लागली की घर खायला उठे.

एकदा वर्तमानपत्रात उंच उडीत पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो त्यांनी पाहिला. आडनाव वाचलं, जुळलेल्या भुवया पाहिल्या आणि ओळख पटली. लहानपणी हिचे दोन्ही पाय एकदम जमिनीवरून सुटतच नसत. एक उचलला की दुसरा घट्ट रोवलेला. उडीसरांनी खडूने डबकं काढलं, स्वतः बेडूक झाले, हात धरून तिला पायरीवरून उतरवलं. शिक्षिका म्हणाल्या, “सर, नाद सोडा.” त्यांनी सोडला नाही. शेवटी ती उडाली, तेव्हा ते नेमके पाठमोरे, दुसऱ्या पोराच्या बुटाची नाडी बांधत होते. ‘धप्प’ एवढंच कानावर आलं.

तिच्या पुढच्या सामन्याला ते इस्त्रीचा सदरा घालून गेले. या वेळी त्यांनी पापणीही लवू दिली नाही. तिची धाव, ते वळण आणि दांडीवरून अलगद गेलेलं अंग. खेळ संपल्यावर गर्दीतून वाट काढत ते तिच्यापाशी पोचले.

“छान उडी मारलीस, बाळ.”

“थँक्यू, काका. तुम्ही...?”

“बालवाडीत तुला मी शिकवायचो. उडी मारायला.”

ती ओशाळून हसली. “खरंच? मला त्यातलं काहीच आठवत नाही हो.”

“कसं आठवेल? एवढीशी तर होतीस.”

ती आणखी काही विचारणार, तोच तिच्या प्रशिक्षकाने हाक मारली. “येते हं, काका,” म्हणून ती पळाली. उडीसर मैदान रिकामं होईपर्यंत तिथेच रेंगाळले.

जिन्यात शेजारच्या वहिनी भेटल्या. “आज नटूनथटून कुठे स्वारी?”

“एका मुलीचा सामना होता.”

“नात्यातली का?”

कुलपात किल्ली घालता घालता त्यांचा हात थबकला. “नाही, वहिनी. ओळखीची.” मग म्हणाले, “म्हणजे, मी तिला ओळखतो.”

आत जाऊन त्यांनी एकट्यापुरता कुकर लावला आणि शिट्टी होईपर्यंत ओट्यापाशी उभे राहिले.