प्रभावतीच्या विहिरीतलं शिसं

गोव्यातल्या लाटंबार्सेच्या अंगणवाडीत प्रभावती गावस बावीस वर्षं मदतनीस आहे. पेज शिजवायची, झाडलोट करायची आणि मुख्य म्हणजे पाणी आणायचं. नळाला पाणी एक दिवस आड, अर्धा तास. म्हणून ती घरच्या विहिरीचं पाणी उकळून, फडक्याने गाळून दोन कळशा न्यायची. त्या पाण्याची वाड्यावर, आसपासच्या वस्तीत ख्याती होती. आजाऱ्यासाठी लोक मुद्दाम मागून न्यायचे.

गेल्या वर्षी मार्चमध्ये गौरवी नावाची मुलगी आली. कोरगावची, विद्यापीठात संशोधन करणारी. खाणींच्या आसपासच्या विहिरी तपासत फिरत होती. तिच्याकडे मोबाइलएवढं यंत्र आणि बोटभर पट्ट्या होत्या. पट्टीवर पाण्याचा थेंब ठेवायचा. आधी यंत्र वीज सोडून पाण्यातलं शिसं पट्टीवर ओढून घेतं, मग ते पुन्हा सुटतं, आणि सुटताना जेवढा प्रवाह वाहतो त्यावरून शिसं किती ते कळतं. प्रभावतीला हे सगळं कळलं नाही, पण पडद्यावर उठलेला उंचवटा तिने पाहिला. लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमपर्यंत चालतं, त्यावर गेलं तर लहान मुलांच्या मेंदूला अपाय होतो, गौरवीने सांगितलं. आकडा एकतीस होता. तिने आणखी दोन पट्ट्या वापरल्या. एकोणतीस, तीस.

प्रभावतीने विचारलं, "उकळल्यान जाता काय तां?"

"नाही मावशी. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं."

प्रभावती विहिरीच्या कठड्यावर बसली. तिने आपल्या गौरेशचं सांगितलं. मुलगा वास्कोला बंदरात हमाली करतो. लहानपणी त्याला पाढे कधी राहिले नाहीत, आठवीत शाळा सुटली. मास्तर त्याला मठ्ठ म्हणायचे आणि तिनेही त्यासाठी त्याला मारलं होतं. हे पाण्याने झालं असेल का?

गौरवीने खोटा धीर दिला नाही. "तेव्हाचं पाणी मी तपासलेलं नाही, मावशी. आता कोणालाच सांगता येणार नाही."

शिसं कुठून आलं, हेही कळलं नाही. जुन्या खाणीच्या मातीतून असेल, पंपाच्या जोडातून असेल.

प्रभावतीने विहिरीचं पाणी बंद केलं. गौरवीने पाणीपुरवठा कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं की असल्या यंत्राचा आकडा ग्राह्य नाही, सरकारी प्रयोगशाळेसाठी नमुना घेतला जाईल. नमुना घ्यायला माणूस आला तो ऑगस्टमध्ये. विहीर तेव्हा काठोकाठ भरली होती. अहवालात आकडा आला आठ. त्याच दिवशी गौरवीच्या यंत्रानेही नऊ दाखवले होते. यंत्र खरं होतं, अहवालही खरा होता. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की शिसं पुन्हा वाढेल, तेव्हा परत तपासा, असं तिने दोनदा लिहिलं. प्रकरण निकाली काढल्याचं कळवण्यात आलं. डिसेंबरात तिचं काम संपलं आणि ती नोकरीला बंगळुरूला गेली. अजून फोन करते. प्रभावतीला तिचा राग येत नाही, पण फोनवर काय बोलावं ते सुचत नाही.

गौरेशला तिने चतुर्थीला सगळं सांगितलं. तो हसला, म्हणाला, मी मठ्ठ होतो तो होतोच, तू कशाला जिवाला लावून घेतेस. ती उठून आत गेली.

यंदा एप्रिलमध्ये सलग तीन दिवस नळाला पाणी आलं नाही. प्रभावती अर्धा मैल चालून खालच्या वाड्यावरून एक कळशी आणत होती. तिसऱ्या दिवशी तिथलाही नळ कोरडा. अंगणवाडीत चौदा मुलं, बाहेर रणरणतं ऊन. सेविका विनोदिनी समजुतीने म्हणाली, "अहवाल चांगला आलाय ना? मग आण विहिरीचं. पोरं तहानेने रडतायत."

प्रभावतीने घरी जाऊन कळशी भरली. विहिरीत पाणी हातभरच उरलं होतं. तिने ते उकळलं नाही; उकळून पाणी तेवढं आटलं असतं.

प्रत्येकाला तिने अर्धा पेला दिला. एका मुलीने तो घटाघटा संपवला आणि पेला पुन्हा पुढे केला. प्रभावतीने तिच्याकडे पाहिलं, आणि ओतलं.